पेशींतील जिनिंग-प्रेसिंग

“गॉल्गी संकुलाचें कार्य कोणतें?” असा प्रश्न परीक्षेंत आला कीं आमचे विद्यार्थी “बांधणी व पाठवणी” असें बिनदिक्कत लिहून गुण पदरांत पाडून घेतात. उत्तर खोटें नव्हे. पण एवढ्यानें ज्ञान झालें असें मानणें ही आत्मवंचना होय.

उमरीच्या बाजारांत कापसाच्या गाड्या कोणी पाहिल्या नाहींत? जिनिंगमध्यें सरकी निघते, रुईची गठाण बांधली जाते व ती परगांवीं रवाना होते. आपल्या स्वादुपिंडांतील पेशी इन्सुलिन बहुतांशीं असेंच सिद्ध करतात. प्रथम ११० अमिनो आम्लांची सांखळी गुंफली जाऊं लागते. तिच्या अग्रभागींचा २४ आम्लांचा तुकडा म्हणजे जणूं मालावरील पत्ता. तो ओळखूनच सांखळी आंतर्द्रव्यजालिकेंत घेतली जाते, आणि काम होतांच तो तुकडा छाटला जातो. प्रथिनें असा पत्ता अंगावरच वागवितात, हें दाखविणारे ग्युंटर ब्लोबेल यांस १९९९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जालिकेंत सांखळीला घडी पडते. घडी चुकलेला माल सहसा पुढें सोडला जात नाहीं. गॉल्गी संकुलांतून निघालेल्या इवल्याशा पिशव्यांत मधला भाग कापला जाऊन ५१ आम्लांचें इन्सुलिन उरतें, व रक्तांतील साखर वाढेपर्यंत तें तेथेंच थांबतें. ही सरकीहि वाया जात नाहीं! कापलेला सी-पेप्टाइड नांवाचा तुकडा रक्तांत उतरतो. टोंचलेल्या इन्सुलिनांत तो नसतो. म्हणून तो मोजून रोग्याचें शरीर स्वतः किती इन्सुलिन करतें हें डॉक्टर ओळखतात.

आतां ही वाट कां जाणावी? कांहीं अर्भकांत इन्सुलिनच्या जनुकांत एकच अक्षर चुकतें. मग घडी बिघडते, जालिकेंत माल तुंबतो, पेशी मरतात, आणि पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह जडतो. अशा वेळीं शेजारीपाजारी मातेच्या पथ्यापाण्यास दोष देतात, कोणी इंजेक्शन सोडून अंगारा सुचवितो. बालकाचे प्राण त्या इंजेक्शनावर अवलंबून असतात. आणि माता तर सर्वस्वीं निर्दोष असते. हें त्या माउलीस समजावून सांगणारा एक विद्यार्थी गांवांत निघाला, तर तो धडा सार्थकीं लागला असें आम्ही म्हणूं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, नांवें अवश्य पाठ करा, पण माल कोठून निघाला व कोठें पोंचला हें विचारल्यावांचून पुस्तक मिटूं नका. पालकांसहि नम्र विनंति कीं, मुलाला “किती गुण मिळाले?” असें पुसण्यापूर्वीं “काय समजलें?” असें पुसावें.