निऑनचा झगमगाट आणि वाचकाचे डोळे

दुकानांच्या पाट्यांवरील निऑनच्या नळ्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली, त्याला बरीच वर्षे झाली. रस्त्यावरून मावळत चाललेला हा झगमगाट संगणक आणि मोबाइलच्या पडद्यावर मात्र पुन्हा अवतरला आहे. काळ्या किंवा गर्द जांभळ्या पार्श्वभूमीवर भडक गुलाबी आणि हिरवट निळी अक्षरे, त्यांभोवती धूसर प्रकाशाचे वलय, अशी १९८०च्या दशकाची आठवण करून देणारी ही रंगसंगती गेममधून निघून संकेतस्थळे आणि अ‍ॅपपर्यंत पोहोचली आहे. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता, तर वादाचे कारण नव्हते. परंतु पडद्यावरचा मजकूर वाचता येणे हा आता हक्काचा विषय झाला आहे.

निऑन वायूचा शोध १८९८ मध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लंडनमध्ये लावला. १९१० मध्ये जॉर्ज क्लॉद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे लोकांपुढे मांडले. शुद्ध निऑनचा प्रकाश तांबूस नारिंगी असतो. अन्य रंगांसाठी आर्गॉन, पारा, रंगीत काच किंवा नळीच्या आतील लेप यांचा आधार घ्यावा लागतो. आज 'निऑन' म्हणून मिरवणारे गुलाबी आणि निळे रंग या वायूचे नव्हेतच. ते रुजले पडद्यामुळे. १९८२ मधील 'ब्लेड रनर' आणि 'ट्रॉन' यांनी चमकत्या रेषांचे भविष्य दाखवले. २००२ मधील 'व्हाइस सिटी' हा गेम आणि २०११ मधील 'ड्राइव्ह' हा चित्रपट यांनी त्या दशकाची हुरहुर नव्या पिढीच्या हाती दिली.

अडचण आहे ती रंगांच्या उजळपणाच्या गणितात. पडद्यावरील पांढऱ्या रंगाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लाल रंगाचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमच्या सुलभतेच्या निकषांनुसार साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे लागते. मोठ्या अक्षरांना ३ पुरते. काळ्यावर पूर्ण तेजाचा हिरवट निळा, म्हणजे सायन, ठेवल्यास हे गुणोत्तर १६ च्या पुढे जाते. मॅजेंटा गुलाबीही ६.७ वर उत्तीर्ण होतो. मात्र हेच दोन रंग एकमेकांवर ठेवले की ते अडीचवर घसरते. सायन अक्षरे पांढऱ्यावर ठेवली, तर जेमतेम सव्वा उरते. भडकपणा आणि सुवाच्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

सुवाच्यतेचा आग्रह आता कायद्याच्या कक्षेतही आला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. जून २०२५ पासून युरोपीय संघातही अनेक डिजिटल सेवांना सुलभतेचा कायदा लागू झाला. बँकेच्या अ‍ॅपवरील रक्कम किंवा रेल्वे तिकिटावरील वेळ मंद दृष्टीच्या व्यक्तीला दिसली नाही, तर 'ही आमची शैली आहे' हे उत्तर पुरेसे ठरणार नाही.

याचा अर्थ निऑनला हद्दपार करावे, असा नव्हे. जुन्या पाटीवर शब्द दोन-चारच असत, अक्षरे मोठी असत आणि भोवती रात्रीचा अंधार असे. तीच शिस्त पडद्यावर पाळता येते. शीर्षक, बोधचिन्ह किंवा एखादे बटण झगमगू द्यावे. सलग मजकूर मात्र शांत रंगात ठेवावा. पाटीचे काम वाटसरूला दारापर्यंत आणण्याचे होते. आत आल्यावर त्याला स्वच्छ उजेडच लागतो.