चिखल्यात प्रचारसभा आहे? मग उमेदवाराला खनिज निधीचं विचारा

प्रचारसभेत रस्ते, रोजगार, विकास हे शब्द सगळेच पक्ष वापरतात. पण भंडारा जिल्ह्यातलं चिखला हे मँगनीज खाणीचं गाव आहे. इथल्या मतदारांकडे विचारायला एक नेमका प्रश्न आहे.

इथली खाण केंद्र सरकारची 'मॉइल' कंपनी चालवते. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर खाण कंपन्यांना रॉयल्टीशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे वेगळी रक्कम भरावी लागते. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्यांसाठी १० टक्के. हा पैसा खाणबाधित गावांतलं पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी आहे.

यात उमेदवाराचा संबंध काय? केंद्राच्या एप्रिल २०२१ च्या आदेशाने जिल्ह्यातले खासदार आणि आमदार प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेचे सदस्य झाले. त्यामुळे निवडून आल्यावर 'हे माझ्या हातात नाही' म्हणून सुटता येत नाही.

म्हणून सभेत तीन गोष्टी विचारा: आपल्या गावासाठी किती निधी मंजूर झाला? किती खर्च झाला? परिषदेत तुम्ही आमचं कोणतं काम मांडणार? मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीत तेच उपयोगी पडेल.