पाळणा सुटण्यापूर्वी



युनियनच्या कामासाठी चेन्नईला गेलो की आम्ही गिंडी स्टेशनवर उतरतो. मे महिन्याच्या सुट्टीत तेथील चिल्ड्रन्स पार्क आणि सर्पोद्यान पाहायला निघालेल्या मुलांनी प्लॅटफॉर्म भरलेला असतो. याच लोकलने पुढे तांबरम लागते. तांबरमजवळच्या किश्किंता उद्यानात मे २०१६ मध्ये एक मोठा यांत्रिक पाळणा चाचणीच्या वेळी कोसळला. एक कामगार ठार झाला, काही जखमी झाले. पाळण्यात मुले नव्हती. चाचणीसाठी कामगारच बसवले होते. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी तर माणसे बसलेली असतानाच पाळण्याचा दांडा तुटला. दोघे ठार झाले, पंचवीसहून अधिक जखमी झाले.

आपण रेल्वेवाले जाणतो, की ब्रेक पॉवर सर्टिफिकेट हाती आल्याशिवाय गाडी सोडायची नसते. कीमनला रुळात तडा दिसला तर तो लाल झेंडी दाखवतो आणि मेलगाडीसुद्धा थांबते. त्यासाठी त्याला साहेबाची परवानगी लागत नाही. पण पाळण्याचा खटका ज्या रोजंदारीच्या पोराच्या हाती असतो, त्याचे काय? बोल्ट खडखडतोय म्हणून त्याने भर गर्दीत पाळणा थांबवला, तर उद्या त्याचे काम राहील का? आमचे स्पष्ट मत आहे, की ज्याला नोकरीची धास्ती आहे, त्याच्या हाती आपले मूल सुरक्षित नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा: रोजच्या तपासणीचा सहीचा कागद प्रत्येक पाळण्यापाशी लावावा. चाचणी वाळूच्या पोत्यांवर घ्यावी, माणसांवर नव्हे. पाळणा चालवणाऱ्याला रीतसर शिक्षण, कायम नोकरी आणि पगार न कापता पाळणा थांबवण्याचा हक्क मिळावा.

आपलीही जबाबदारी आहे. मूल उंचीच्या रेघेखाली भरले तर "बसू द्या हो" म्हणून गळ घालू नका. एकच आडवा दांडा दोघांना असेल, तर तो थोराच्या पोटाशी अडतो आणि शेजारच्या लहानग्यापुढे फट राहते. मूल त्या फटीतूनच निसटते.

गावच्या जत्रेतला आकाशपाळणा असो की शहरातले उद्यान, तिकीट काढण्यापूर्वी तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर पोरांना भेळ खाऊ घाला आणि घरी आणा. आणि त्या चालवणाऱ्या पोराशीही दोन शब्द बोला. तोही आपल्यासारखाच कामगार आहे.