अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला?

मुंबईची मोनोरेल 20 सप्टेंबर 2025 पासून सुधारणांसाठी बंद करण्यात आली. फेब्रुवारी 2014 मध्ये ती चेंबूर ते वडाळा धावू लागली आणि मार्च 2019 मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. सुमारे 20 किलोमीटरच्या या मार्गावर अपेक्षित प्रवासी कधीच आले नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये भर पावसात गाडी मध्येच अडकली आणि शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले. 'प्रकल्प फसला' एवढ्यावरच आपली चर्चा थांबते. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे.

वाहतुकीचे नियोजन वीस-तीस वर्षांच्या अंदाजावर उभे असते. लोक कुठे राहतील, कुठे कामाला जातील, हे आधीच गृहीत धरले जाते. पण पुनर्वसनात वस्ती दूर जाते, कारखाने बंद पडतात, महामारी येते. म्हणून कोणता अंदाज बरोबर, एवढेच विचारून भागत नाही. अंदाज चुकला तर काय बदलता येईल आणि किंमत कोण मोजेल, हेही विचारावे लागते.

मोनोरेलचे खांब हलवता येत नाहीत. बसचा मार्ग मात्र गरजेप्रमाणे बदलता येतो. 2020 च्या टाळेबंदीत सर्वसामान्यांसाठी लोकल बंद होती, तेव्हा रुग्णालयातील कर्मचारी आणि सफाई कामगार यांना कामावर नेले ते बेस्टच्या बसने.

तरीही गेल्या काही वर्षांत आटला तो बेस्टचाच ताफा. 2019 मध्ये 5 रुपयांवर आणलेले किमान भाडे मे 2025 मध्ये 10 रुपये झाले, वातानुकूलित बसचे 12. जाता-येता दोन-दोन बस बदलणाऱ्या घरकामगार महिलेला किमान भाड्याची साधी तिकिटे काढली तरी दिवसाला 20 ऐवजी 40 रुपये लागतात. महिन्याच्या 26 दिवसांचे 520 रुपये जास्त.

मेट्रो नकोच, असे आम्ही म्हणत नाही. जिथे गर्दी आजच ठरलेली आहे, तिथे ती हवीच. जिथे खात्री नाही, तिथे आधी बस वाढवाव्यात, त्यांना स्वतंत्र मार्गिका द्यावी, प्रवासी मोजावेत आणि मगच खांब उभारावेत.

आपल्या भागातील प्रकल्पावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा तरुणांनी एक प्रश्न लेखी द्यावा: प्रवासी अंदाजाच्या निम्मेच आले तर तुमची योजना काय? उत्तरही लेखीच मागावे.