सतरा अंकांचा मनोरा

घरात शाळकरी मूल असेल, तर त्याला जवळ बोलवा आणि वहीत एक संख्या लिहायला सांगा : १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि पुन्हा एकपर्यंत उतरायचे. उलटी वाचली तरी तीच!

संख्या आहे सतरा अंकी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दिलेली स्थानांची नावे लावली, तर कोटी, अब्ज, खर्व, निखर्व ओलांडत आपण ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोहोचतो. पुढची पायरी थेट ‘परार्ध’! पण घाबरायचे कारण नाही. या अवाढव्य संख्येचा जन्म अगदी साधा आहे.

११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असे ओळीने नऊ एक मांडून वर्ग केला की आपली संख्या तयार. गुणाकार मांडून पाहा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. बेरीज करताना मधल्या उभ्या रांगेत नऊ एक येतात, दोन्ही बाजूंना ते कमी होत जातात. हातचा कुठेच नाही! दहा एक घेतले की मात्र मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि मनोरा ढासळतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. पाहिलेत? चढणीवरचा आठ गायब!

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डोंबिवली स्टेशनावरून त्यांना ते सुचले. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांच्या आकडेमोडीला पोरखेळ समजणारे गणितज्ञ कमी नव्हते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कापरेकरांनी संख्यांची आणखी एक जात सांगितली : ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. आता आपला मनोरा. त्यातल्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा : उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य! म्हणजे ही संख्या डेमलोही आहे आणि हर्षदही. प्रत्येक डेमलोच्या नशिबी मात्र हे नसते. १२१ च्या अंकांची बेरीज ४, पण ४ ने तिला भाग जात नाही.

“याचा उपयोग काय?” असे मूल विचारीलच. कापरेकरांनाही हा प्रश्न चुकला नसेल. उत्तर त्यांनी नावातच देऊन ठेवले आहे. गणिताच्या तासाला ज्या मुलाच्या पोटात गोळा येतो, त्याच्या हाती हा मनोरा द्या. मार्क नाहीत, परीक्षा नाही. फक्त एकच विचारा : १२३२१ हर्षद आहे का रे? आणि उत्तर तुम्ही सांगू नका. त्यालाच शोधू द्या.