ऑनलाइन दुकानाचे पान आणि खोडाळ्याचे गिऱ्हाईक

कापडाच्या व्यापारात आपल्या बऱ्याच तरुणांनी ऑनलाइन दुकाने काढली आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचा माल त्यामुळे थेट दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र विक्री मंदावली की हे तरुण दुकानाची पाने नव्याने सजवून घेतात. रंग बदलतात, सरकत्या जाहिराती टाकतात. पानांची फेररचना जरूर करावी. पण तिची सुरुवात गिऱ्हाइकाच्या प्रश्नांपासून व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोडाळ्यासारख्या गावातले गिऱ्हाईक कापड कसे घेते ते पाहा. ते कापड चिमटीत धरते, उजेडात नेते, उलटी बाजू पाहते, काठ-पदर उघडून दाखवायला सांगते, रंग जाईल का विचारते आणि लांबी मोजून घेते. ऑनलाइन दुकानात त्याला हात लावता येत नाही. म्हणून ते काम वस्तूच्या पानाने केले पाहिजे. दिवसाच्या उजेडातला फोटो, उलट्या बाजूचा फोटो, काठ-पदर जवळून, सुती की मिश्र धाग्याचे, वजन किती, पहिल्या धुण्यात रंग जातो का, हे सारे किमतीच्या शेजारीच असावे. नऊवारी म्हणजे सुमारे 8.23 मीटर. सहावारी साधारण 5.5 मीटरची, ब्लाऊज पीस धरून तिची लांबी अनेकदा 6.30 मीटर लिहितात. पानावर नुसता 6.30 हा आकडा टाकला आणि ब्लाऊज पीसचा उल्लेख केला नाही, तर गिऱ्हाइकाची फसगत होते आणि माल परत येतो. परतीच्या मालाला जाण्या-येण्याचे भाडे पडते, घडी मोडते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट वर्गवारीच्या पानाची. ‘एथनिक वेअर’ या नावाखाली सगळा माल कोंबला, तर लुगडे शोधणाऱ्या बाईला ते सापडणार कसे? लुगडे, नऊवारी, सहावारी, ओढणी, पंचा, शिवलेली लुंगी, खुली लुंगी अशी बाजारात चालणारी नावे द्यावीत. मोखाडा-जव्हारच्या डोंगराळ भागात मोबाईलची रेंज जेमतेम मिळते, म्हणून फोटो हलके ठेवावेत. पान उघडलेच नाही तर सजावट कोण पाहणार?

वर्गवारीत इमानदारीचाही प्रश्न आहे. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या आदिवासींची. आज यंत्रावर छापलेले कापडही ‘वारली’ म्हणून विकले जाते. हाताने रंगवलेले आणि छापील असे दोन वेगळे वर्ग ठेवले नाहीत, तर छापील मालाच्या भावापुढे कलाकाराच्या मेहनतीला मोल राहत नाही. हातमाग आणि यंत्रमाग यांच्या बाबतीतही हेच खरे आहे.

आपल्या दीनने हा मामला फार पूर्वीच साफ केला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी विचारणा त्यांनी व्यापाऱ्याला केली. मालातला ऐब पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच होय. हनफी फिकहमध्ये ‘खियार-ए-रुयत’ आहे, म्हणजे न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर पसंत पडला नाही तर सौदा मोडण्याचा हक्क. ऑनलाइन खरेदी ही न पाहता केलेलीच खरेदी आहे. तेव्हा माल परत घेण्याची अट मोठ्या अक्षरात, वस्तूच्या पानावरच द्यावी.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. वजनमापाच्या सुधारित नियमांप्रमाणे 1 जानेवारी 2018 पासून बंद पाकिटातल्या मालाचा उत्पादक, माप आणि कमाल किंमत ऑनलाइन पानावर दाखवावी लागते. 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनी परतीची माहिती आणि माल कोणत्या देशातला हेही सांगणे बंधनकारक केले.

व्यापारी बांधवांनी पाने जरूर नवी करावीत. पण त्याआधी एक दिवस काउंटरवर बसून गिऱ्हाईक काय काय विचारते ते वहीत टिपून घ्यावे आणि ती वही पान बनवणाऱ्याच्या हाती द्यावी. खर्च कमी येईल, माल परत कमी येईल, आणि अल्लाहने चाहले तर तिजारतीत बरकतही होईल.