हार्ड डिस्क जोडली की मॅक बॅकअपचं का विचारतो? शाळेच्या लॅबमध्ये हे कसं थांबवायचं?

शाळेच्या लॅबमधील मॅकला विद्यार्थ्याने पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली की ‘ही डिस्क टाइम मशीनसाठी वापरायची का?’ असा प्रश्न येतो. टाइम मशीन ही ॲपलची २००७ पासूनची बॅकअप सुविधा. घरच्या मॅकवर हा प्रश्न उपयोगी. लॅबमध्ये मात्र रोज नवी डिस्क, रोज तोच प्रश्न.

धोका काय? घाईघाईत प्रत्येक पायरीवर होकार दिला, तर डिस्क फॉरमॅट होऊन प्रोजेक्ट पुसला जाऊ शकतो.

उपाय काय? ॲडमिनने टर्मिनलमधून ‘डू नॉट ऑफर न्यू डिस्क्स फॉर बॅकअप’ ही सेटिंग एका खात्यापुरती नव्हे, तर संपूर्ण संगणकासाठी सुरू करावी. त्याने फक्त प्रश्न थांबतो. आधी ठरवलेला बॅकअप सुरूच राहतो.